हातात मावणारा मारिओ

निपाणी बस स्थानकातून बेळगावची गाडी सुटते. तवंदीचा घाट मागे पडतो, संकेश्वर येतं, मग हत्तरगी, यमकनमर्डी, काकती. साधारण ७५ किलोमीटरचा हा रस्ता ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला वेळेचा अंदाज घड्याळाशिवाय येतो. १९८९ साली निंटेंडो या जपानी कंपनीने ‘सुपर मारिओ लँड’ नावाचा एक खेळ काढला. सराव झालेल्या माणसाने हा खेळ निपाणीला सुरू केला, तर बेळगाव येण्याआधी तो संपवता येतो. सगळे मिळून १२ स्टेज. खेळणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते : खेळ फार लहान आहे.

दुसरी तक्रार उडीची. खेळाचा नायक मारिओ खाली येताना दगडासारखा येतो. तिसरी, चित्रं बारीक आहेत. चौथी, हा नेहमीचा मारिओ वाटत नाही, यातलं जग भलतंच आहे. आणि या चारही तक्रारी करून झाल्यावर तोच माणूस त्यातली धून गुणगुणतो आणि म्हणतो, खेळ मात्र मजेदार आहे.

ही सगळी मतं खरी आहेत. ती कुठून येतात, हे कळायला आधी यंत्र उघडून पाहावं लागतं. प्रत्येक तक्रारीमागे आणि प्रत्येक कौतुकामागे एकेक तांत्रिक कारण आहे. ती कारणं क्रमाने पाहू.

आधी ब्रिक गेम

सीमाभागातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांना हातातला खेळ म्हटलं की आठवतो तो ब्रिक गेम. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात तो टांगलेला असायचा. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं. पेन्सिल सेल घातले की सुरू. घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असला, तरी लाइट गेली की तो बंद. ब्रिक गेमला लाइटची गरज नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो एकाच्या हातात आणि चार डोकी त्यावर वाकलेली. “दे की रे आता, माझी पाळी!” हे वाक्य त्या सुट्ट्यांमध्ये किती वेळा कानावर पडलं असेल!

त्या ब्रिक गेमचा पडदा आठवून पाहा. आडव्या १० आणि उभ्या २० अशा २०० चौकटी. प्रत्येक चौकट एक तर काळी होणार, नाही तर रिकामी राहणार. विटा रचायला एवढं पुरतं. गाडीची शर्यतही जमते, कारण चार-पाच काळ्या चौकटी एकत्र आल्या की मन त्याला गाडी मानतं. पण माणूस धावतो, उडी मारतो, शत्रूच्या डोक्यावर पडतो, पुढे सरकतो तसं मागचं जगही सरकतं, हे २०० चौकटींत दाखवता येत नाही.

‘गेम बॉय’ हे निंटेंडोचं हातातलं यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं आणि ‘सुपर मारिओ लँड’ त्याच दिवशी त्याच्यासोबत आला. त्या यंत्राच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते. गुणाकार केला तर २३,०४०. ब्रिक गेमच्या २०० चौकटींसमोर हा आकडा ठेवला की धावता-उडता माणूस इथे का शक्य झाला ते लगेच लक्षात येतं.

मुरलेल्या तंत्राचा माणूस

गेम बॉयच्या मागे गुनपेई योकोई हे नाव आहे. जन्म १९४१चा, क्योतोचा. १९६५ मध्ये ते निंटेंडोत लागले. आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून त्यांना ‘गेम अँड वॉच’ ही खिशातल्या खेळांची कल्पना सुचली. १९८० मध्ये ते खेळ बाजारात आले. अंगठ्याने चारही दिशांना दाबता येणारं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण १९८२ सालच्या त्यांच्या ‘डाँकी काँग’ या खेळावर होतं. आजही जगभरच्या गेमिंग यंत्रांवर ते बटण दिसतं.

योकोई यांचं सूत्र असं होतं : नव्यात नवं, महागात महाग तंत्र घेऊ नका. जे तंत्र जुनं झालं आहे, स्वस्त झालं आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत, ते घ्या आणि त्याचा उपयोग कोणी केला नसेल अशा जागी करा. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी फाउंड्रीत किंवा लेथवर काम केलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हातातलं जुनं यंत्र काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही हे ज्या कारागिराला पक्कं माहीत असतं, तोच त्याच्याकडून अचूक काम काढून घेतो.

गेम बॉयला रंग नव्हते. एकाच हिरवट करड्या रंगाच्या चार छटा होत्या. पडद्यामागे दिवा नव्हता. त्याच काळात अटारी कंपनीचं ‘लिंक्स’ आणि सेगा कंपनीचं ‘गेम गिअर’ ही रंगीत आणि उजेड असलेली यंत्रं आली. त्यांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते दहा तासांहून जास्त चालत. ज्या घरात सेलचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा लागतो, तिथे या फरकाची किंमत मोठी असते. पुढे गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून जगभर ११ कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली.

दिवा नसल्याचा परिणाम खेळणाऱ्याच्या मतावर थेट होतो. सकाळी निपाणीहून बेळगावकडे जाताना गाडीच्या डाव्या खिडकीतून ऊन येतं. त्या उन्हात असा पडदा स्वच्छ दिसतो, जितकं ऊन जास्त तितका स्वच्छ. उजवीकडच्या सावलीत बसलं की तोच पडदा अंधुक होतो आणि संध्याकाळी तर काहीच दिसत नाही. खेळ एक, यंत्र एक, पण दोन खिडक्यांशी बसलेल्यांची मतं दोन.

फरशीचं जग

आता खेळाच्या आत जाऊ. २३,०४० ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका चार छटांपैकी एक. एका ठिपक्याला २ बिट लागतात. सगळा पडदा ठिपक्या-ठिपक्याने साठवायचा तर ५,७६० बाइट लागतील. यंत्राची कामाची स्मृती अवघी ८ किलोबाइट आणि चित्रांसाठी वेगळी आणखी ८ किलोबाइट. एका पडद्यातच त्यातली बरीचशी जागा संपली असती.

म्हणून फरशीची युक्ती वापरली. घरात फरशी बसवणारा गवंडी खोलीभर एकच नक्षी पुन्हा पुन्हा लावतो, तसंच. ८ गुणिले ८ ठिपक्यांची एक छोटी फरशी. ती साठवायला १६ बाइट. जमिनीची एक फरशी, विटेची एक, ढगाची दोन-चार. पडद्यावर आडव्या २० आणि उभ्या १८, म्हणजे ३६० फरश्या बसतात. कुठल्या जागी कितव्या क्रमांकाची फरशी, एवढीच यादी ठेवायची. ३६० जागांना ३६० बाइट पुरे.

मारिओ चालतो तेव्हा खरं तर जमीन सरकते. यंत्राकडे पडद्यापेक्षा मोठा असा ३२ गुणिले ३२ फरश्यांचा नकाशा असतो आणि त्यातला पडद्याएवढा भाग आपल्याला दिसतो. मारिओ पुढे गेला की ती चौकट पुढे सरकते आणि नजरेआड असलेल्या उजव्या बाजूला नव्या फरश्यांची एक उभी रांग गुपचूप लावली जाते. नकाशाचं एक टोक दुसऱ्या टोकाला जोडलेलं असतं. विहिरीवरच्या रहाटाची माळ चाकावरून फिरत राहावी तसा तो नकाशा गोल फिरत राहतो आणि आपल्याला मात्र सरळ, लांबच लांब रस्ता दिसतो.

वरच्या दोन ओळींत गुण, नाणी आणि उरलेला वेळ दिसतो. तो भाग जागचा हलत नाही. पडदा वरून खाली ओळी-ओळीने काढला जातो. वरच्या ओळी काढताना सरकणं शून्य ठेवायचं, त्या संपल्या की लगेच सरकण्याचा खरा आकडा द्यायचा. हे सेकंदाला जवळजवळ ६० वेळा होतं आणि एकदाही चुकत नाही.

बारीक चित्रांची तक्रार इथून येते. टीव्हीवरच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला २५६ गुणिले २४० ठिपके मिळत होते. तेवढ्याच आकाराचा मारिओ गेम बॉयच्या पडद्यावर ठेवला असता, तर समोरून येणारा शत्रू अगदी नाकासमोर आल्यावरच दिसला असता. म्हणून माणूस लहान केला. समोरचा रस्ता दिसायला हवा, हा त्यामागचा विचार. १९९२ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ लँड २’मध्ये मारिओ चांगला मोठा, ठसठशीत काढला आहे. तो दिसतो छान, पण समोरचा रस्ता कमी दिसतो. दोन्ही खेळलेल्यांमध्ये यावरून वाद होतात. दोघांचंही बरोबर असतं, कारण पडदा तेवढाच आणि तो कशावर खर्च करायचा याची निवड वेगळी.

मागचा देखावा मोकळा का, याचंही उत्तर पडद्यात आहे. या पडद्याचे ठिपके काळे-पांढरे व्हायला वेळ घेतात. जग वेगाने सरकलं की मागे पुसट डाग राहतो. मागे भरगच्च नक्षी असती, तर त्या डागांत मारिओ हरवला असता. मोकळ्या आभाळासमोर तो उठून दिसतो.

उडी कशी मारली जाते

उडी या खेळाचा प्राण. बाकी सगळं तिच्यासाठी आहे.

यंत्र दर चित्रामागे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६० वेळा, बटणांकडे पाहतं. उडीचं बटण दाबलं आहे का? मारिओ जमिनीवर आहे का? दोन्ही हो असेल, तर त्याला वर जाण्याची गती मिळते. पुढच्या चित्रात पुन्हा पाहणी : बटण अजून दाबलेलं आहे का? असेल तर तो आणखी वर जातो, सोडलं असेल तर चढ तिथेच तुटतो. म्हणून टिचकी मारली की छोटी उडी आणि बटण धरून ठेवलं की उंच उडी. मग खाली येणं सुरू. प्रत्येक चित्रात यंत्र पाहतं की पायाखालची फरशी टणक आहे की रिकामी.

शत्रूशी गाठ पडली की एकच प्रश्न विचारला जातो : मारिओ वरून आला की बाजूने? वरून आला तर शत्रू चिरडला, बाजूने आला तर फटका मारिओला. एवढ्या साध्या नियमावर हा सगळा खेळ उभा आहे.

‘लँड’मधली उडी टीव्हीवरच्या मारिओपेक्षा वेगळी वाटते. तिथे मारिओ धावता धावता थांबला की थोडा घसरतो, हवेतही आधीची गती राखतो. इथे तो पटकन थांबतो आणि कड्यावरून सुटला की झपकन खाली जातो. टीव्हीवर खेळून ज्याची बोटं तयार झाली आहेत, त्याचा अंदाज चुकतो आणि तो पहिल्याच खड्ड्यात पडतो. “मेला की!” मग तो म्हणतो, उडी वाईट आहे. ज्याने आधी ‘लँड’च खेळला, त्याला ही उडी वाईट वाटत नाही. लहान पडद्यावर कड्याच्या अगदी टोकाशी थांबता येणं त्याला सोयीचं वाटतं.

आमच्या भागात बहुतेकांनी हा खेळ उलट्या क्रमाने पाहिला. आधी टीव्हीला जोडायचा संच आणि पिवळ्या, काळ्या कॅसेटी आल्या. त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा हे खेळ असायचेच. खरा गेम बॉय एखाद्या घरी परदेशातल्या किंवा मुंबईच्या नातेवाइकाकडून आला तर आला. ‘लँड’ अनेकांच्या हातात फार उशिरा आला, तोही मोबाइलच्या काचेवर. काचेवर अंगठ्याला बटणाची कड लागत नाही. अशा वेळी उडी चुकली, तर दोष मारिओचा, काचेचा की आधीच्या सवयीचा, हे वेगळं करून पाहायला हवं.

६४ किलोबाइटमधलं जग

आता पहिल्या तक्रारीकडे : खेळ लहान आहे. ‘सुपर मारिओ लँड’ची पूर्ण कॅसेट ६४ किलोबाइटची. चित्रं, आवाज, नकाशे, नियम, सगळं त्यात. तुम्ही वाचताय तो हा लेख संगणकात साठवला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि तो त्या कॅसेटमधली जवळपास निम्मी जागा खाईल. उरलेल्या निम्म्या जागेची कल्पना करा आणि मग १२ स्टेज मोजा.

त्यातही यंत्राला कॅसेटमधले एका वेळी ३२ किलोबाइटच वाचता येतात. म्हणून कॅसेटमध्ये एक छोटी चिप असते आणि ती १६-१६ किलोबाइटचे कप्पे गरजेप्रमाणे पुढे करते. पुढच्या भागाला, ‘लँड २’ला, ५१२ किलोबाइट मिळाले, म्हणजे आठपट जागा. शिवाय तिथपर्यंतचा खेळ जपून ठेवण्याची सोय मिळाली. पहिल्या ‘लँड’मध्ये ती सोय नाही. सेल संपले की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. अशा खेळाला ३२ स्टेज दिल्या असत्या, तर प्रवासात तो कोणी पुरा करू शकला नसता. जपून ठेवता येत नाही म्हणून एका बैठकीत संपतो : खेळ लहान असण्याचं हे दुसरं कारण, आणि ते खेळणाऱ्याच्या बाजूचं आहे.

एकदा संपवला की तोच खेळ जास्त शत्रूंसह पुन्हा खेळायला मिळतो. कमी जागेत खेळ लांबवण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे : नकाशा तोच, परीक्षा कठीण.

भलतंच जग

या खेळाचे निर्माते योकोई आणि दिग्दर्शक सातोरू ओकादा. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांचा यात सहभाग नव्हता. नेहमीच्या राज्याऐवजी इथे सारासालँड आहे, पीच राजकन्येऐवजी डेझी आहे आणि तिला पळवणारा टाटांगा नावाचा परग्रहवासी आहे. चार राज्यांपैकी पहिलं इजिप्तच्या पिरॅमिडांवरून, तिसरं ईस्टर बेटावरच्या दगडी पुतळ्यांवरून आणि चौथं चीनवरून घेतलं आहे.

वस्तूंचे नियमही वेगळे. कासवावर पाय दिला की त्याचं कवच लाथाडता येत नाही, ते थोड्या वेळाने बॉम्बसारखं फुटतं. फूल घेतल्यावर आगीच्या गोळ्याऐवजी रबरी चेंडूसारखा गोळा मिळतो. तो भिंतींवर तिरका आपटत फिरतो आणि वाटेतली नाणीही गोळा करतो. दोन स्टेजमध्ये मारिओ चालतच नाही. एकीकडे पाणबुडीत आणि दुसरीकडे विमानात बसून तो गोळ्या झाडतो.

टीव्हीवरचा मारिओ ज्याला पाठ आहे, त्याला हे सगळं परकं वाटतं. तरीही कासवाच्या बदलामागे एक व्यावहारिक बाजू दिसते. हे यंत्र एका वेळी ४० हलते तुकडे दाखवू शकतं आणि एका आडव्या ओळीत फक्त १०. अकरावा तुकडा दिसत नाही. मारिओलाच एका ओळीत दोन तुकडे लागतात. अशा ठिकाणी घरंगळत जाऊन रांगेने शत्रू पाडणाऱ्या कवचापेक्षा जागच्या जागी फुटणारं कवच परवडतं.

आवाजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. यंत्राला आवाजाचे चारच मार्ग : दोन चौकोनी लहरींचे, एक हवी तशी लहर घडवण्याचा आणि एक खरखरीचा. हिरोकाझू तानाका यांनी त्या चार मार्गांतून या खेळाचं संगीत घडवलं. मारिओला अजिंक्य करणारी चांदणी मिळाली की फ्रेंच संगीतकार ऑफनबाखची १९व्या शतकातली नाचाची धून वाजते. छोट्या स्पीकरमधूनही सूर स्पष्ट ऐकू येतात, कारण धून मुळातच चार आवाजांसाठी बांधली आहे. पेटीवर साधी चाल बसवताना आपण जसे नको ते स्वर गाळतो, तसं.

मत देण्याआधी

‘सुपर मारिओ लँड’च्या १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. तेवढ्या हातांनी तो खेळला आणि तेवढी मतं बनली. माझं मत स्पष्ट आहे : तो मारिओच्या खेळांमधला सर्वांत सुंदर खेळ नाही, पण हातात घेऊन, प्रवासात, चार सेलवर खेळायच्या खेळाने कसं असावं हे त्याने पहिल्याच दिवशी दाखवून दिलं. लहान पडद्याला लहान माणूस, जपणूक नाही म्हणून एका बैठकीचा पल्ला, मंद ठिपक्यांना मोकळं आभाळ. यंत्राची प्रत्येक उणीव ओळखून त्याने तिच्याशी जुळवून घेतलं.

निपाणी, बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातली आजची मुलं मोबाइलवर खेळतात आणि कितीतरी जण संगणकशास्त्र शिकतात. त्यांना एक सांगणं आहे. जुन्या खेळाबद्दल बोलताना नुसतं “भारी” किंवा “बोअर” म्हणून थांबू नका. कुठल्या यंत्रावर खेळलात, त्याआधी कुठला मारिओ खेळला होतात, कितव्या स्टेजला कुठल्या खड्ड्यात पडलात आणि त्या वेळी बटण किती वेळ धरलं होतं, एवढं सांगा. असं बारकाईने दिलेलं मत खेळ बनवणाऱ्याच्या कामाला येतं. आणि ज्याला असं पाहता येतं, तो उद्या स्वतः खेळ बनवू शकतो.